बंदूक, परवाना आणि आपली मुलं : वयाचा नियम समजून घेऊ या



या कार्यक्रमात आपण रेशनकार्डापासून गाईच्या लसीकरणापर्यंत पुष्कळ विषय घेतले. बंदुकीवर बोलायची वेळ येईल असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. पण बचतगटांच्या बैठकांना फिरताना तीन गावांत तीन बायकांनी तीन प्रश्न विचारले, आणि तिन्ही प्रश्न बंदुकीचेच निघाले.

पहिली म्हणाली, "माझी लेक तेरा वर्षांची आहे. शाळेतल्या सरांनी तिला नेमबाजीला घाला म्हणून सांगितलंय. पण एवढ्याशा पोरीच्या हातात बंदूक दिली तर पोलीस आम्हाला धरणार नाहीत का?"

दुसरी म्हणाली, "मालक जाऊन आठ महिने झाले. त्यांची ठासणीची बंदूक माजघरात खुंटीला आहे. मुलगा आता अठरा पूर्ण झाला. त्याच्या नावावर करून घेता येईल का?"

तिसरी आजी होती. ती म्हणाली, "नातवाला जत्रेत फुगे फोडायची बंदूक आवडली, म्हणून त्याच्या बापानं शहरातून छऱ्याची बंदूक आणून दिली. आता तो दिवसभर परसात पाखरं मारतोय. याला काही नियम आहे का नाही?"

तिघींनाही त्या दिवशी आम्हाला धड उत्तर देता आलं नाही. मग आम्ही कायदा वाचला, जाणत्यांना विचारलं, आणि जे समजलं ते आज तुमच्यापुढे ठेवत आहोत.

बाळगणं वेगळं, शिकणं वेगळं

आपल्या देशात बंदुकीचा मुख्य कायदा म्हणजे १९५९ चा शस्त्र अधिनियम. त्याच्या जोडीला २०१६ चे शस्त्र नियम आहेत. या कायद्याचं नववं कलम वयाबद्दल आहे. ज्याला २१ वर्षं पूर्ण झालेली नाहीत, त्याला अग्निशस्त्र घेता येत नाही, जवळ बाळगता येत नाही, घेऊन फिरता येत नाही. पूर्वी ही वयाची अट १६ वर्षांची होती. १९८३ मध्ये कायदा बदलला आणि ती २१ वर आणली.

म्हणजे बघा, १८ व्या वर्षी मुलाला मत देता येतं, गाडीचा परवाना मिळतो. पण बंदुकीचा परवाना मिळत नाही. त्यासाठी २१ पूर्ण व्हावी लागतात. मुलाच्या लग्नाचं वयही २१ च आहे, तेव्हा हा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे.

मग सोळा-सतरा वर्षांची मुलं नेमबाजीत पदकं कशी आणतात? हरियाणातली मनू भाकर २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकली तेव्हा १६ वर्षांची होती. त्याच वर्षी मेरठजवळच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, सौरभ चौधरी, आशियाई स्पर्धेत सोनं घेऊन आला. तोही १६ चाच.

याचं उत्तर त्याच नवव्या कलमात पुढे आहे. २१ च्या आतल्या मुलांना प्रशिक्षणासाठी आणि नेमबाजीच्या सरावासाठी बंदूक वापरता येते. त्यासाठी नियमांनी किमान वय १२ वर्षं ठरवलं आहे. मात्र अट अशी की, बंदूक चालवताना प्रौढ प्रशिक्षक किंवा ज्याच्या नावावर परवाना आहे तो माणूस तिथेच, मुलाच्या जवळ, लक्ष ठेवून असला पाहिजे. नुसतं "मी सांगून गेलो होतो" चालत नाही.

हे आपल्याला समजायला अवघड नाही. आठ-दहा वर्षांची लेक चुलीपाशी बसून भाकरी थापायला शिकते. आपण शेजारी बसून शिकवतो, विस्तव आपण सारतो. पण चूल पेटवून तिच्या हवाली करून आपण शेतावर निघून जात नाही. बंदुकीच्या बाबतीत कायदा हेच सांगतो. शिकायला बाराव्या वर्षापासून मुभा आहे. स्वतःच्या नावावर बाळगायला एकवीस पूर्ण झाली पाहिजेत. आणि मधली नऊ वर्षं जबाबदारी मोठ्या माणसाची.

आमच्या मते या नियमाचं सार एवढंच आहे. वयाची अट वाचताना आपल्याला वाटतं, ती मुलांना अडवायला आहे. खरं तर ती मोठ्यांना बांधून ठेवते. मुलाच्या हातात बंदूक कोणी दिली, कुठे दिली आणि त्या वेळी तो मोठा माणूस कुठे होता, हे कायदा विचारतो.

लेकीला नेमबाजी शिकवायची असेल तर

आता पहिल्या ताईच्या प्रश्नाकडे येऊ. तेरा वर्षांच्या मुलीला नेमबाजी शिकता येते. पोलीस धरणार नाहीत. पण रस्ता नीट धरायचा.

सुरुवात जवळजवळ नेहमी हवेच्या बंदुकीने होते, म्हणजे एअर रायफल किंवा एअर पिस्तूल. तीत दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटरचा छोटा छरा सुटतो. स्पर्धेत १० मीटरवर कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असतं. एअर रायफलच्या लक्ष्याच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका असतो, तो अर्धा मिलिमीटरचा. मोहरीच्या दाण्याहूनही बारीक! त्यावर नेम लागायचा तर श्वास, नजर आणि मन तिन्ही स्थिर लागतात. म्हणून या खेळात आडदांडपणा चालत नाही. शांत, चिकाटीच्या मुली यात पुढे जातात.

त्यापुढची पायरी म्हणजे पॉइंट टू टू ची रायफल किंवा पिस्तूल. ते अग्निशस्त्र आहे, त्याला परवाना लागतो. मुलगी २१ ची नसेल तर ते तिच्या नावावर होत नाही. ती क्लबचं किंवा घरातल्या परवानाधारकाचं शस्त्र, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, सरावाच्या जागी वापरते. कायद्यात मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्यांना सरावासाठी परवाना देण्याची वेगळी तरतूद आहे, तिचा उपयोग पुढे होतो.

शस्त्र घेऊन प्रवास हाही मोठा प्रश्न असतो. मनू भाकर लहान असताना परवान्याचं पिस्तूल घेऊन तिला एकटीला बसने जाता येत नव्हतं आणि गाडी चालवायचं तिचं वय नव्हतं. म्हणून तिच्या वडिलांनी जहाजावरची नोकरी सोडून तिच्याबरोबर ये-जा केली. प्रत्येक घराला हे जमणार नाही. म्हणून सरावाची जागा कुठे आहे, शस्त्र तिथेच ठेवायची सोय आहे का, आणि मुलीला कोण नेणार-आणणार, हे आधी ठरवा.

आपल्या मातीतली उदाहरणं आहेत. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली. कोल्हापूरचीच राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक जिंकली. असं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक आणलं. त्याचे वडील शिक्षक, आई गावची सरपंच. २००९ मध्ये वडिलांनी त्याला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. तेव्हा तो १४ वर्षांचा होता. तिथे आधी शरीर कमावलं, मग त्याने नेमबाजी निवडली. पुढे त्याला घडवणाऱ्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे, म्हणजे एक बाईच, आणि त्या स्वतः ऑलिंपिक खेळलेल्या.

तेव्हा लेकीला शिकवायचं असेल तर तीन ठिकाणी चौकशी करा. एक, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचं कार्यालय. शालेय नेमबाजी स्पर्धा आणि क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्या यांची माहिती तिथे मिळते. दोन, शाळेत एनसीसी असेल तर ती. एनसीसीच्या कनिष्ठ विभागात साधारण १२ ते साडेअठरा वर्षांची मुलं-मुली असतात, आणि त्यांना शिस्तीत गोळीबार शिकवला जातो. तिथली शस्त्रं सरकारी असतात, घरच्या परवान्याचा प्रश्न येत नाही. तीन, जवळच्या शहरातला मान्यताप्राप्त रायफल क्लब.

खर्चाचंही खरं सांगतो. स्पर्धेची परदेशी एअर रायफल लाखाच्या पुढे जाते. छरे, जाकीट, प्रवास हे वेगळं. म्हणून पहिल्या दिवशी काही विकत घेऊ नका. क्लबच्या बंदुकीवर सहा-आठ महिने शिकू द्या. आवड टिकली, गुण दिसले, की मग पुढचा विचार.

खुंटीवरची बंदूक

आता दुसऱ्या ताईचा प्रश्न. हा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यात घरातली बाई नकळत अडकते.

कोकणात, घाटाखाली-घाटावर जंगलाच्या कडेने राहणाऱ्या पुष्कळ घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक असते. रानडुकरं, माकडं पिकाची नासधूस करतात, म्हणून आजोबांनी कधीतरी घेतलेली. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, नंतर परत आणायची, हे आपण बघत आलो. पण परवाना घराच्या नावावर नसतो, माणसाच्या नावावर असतो. तो माणूस गेला की परवानाही संपला.

म्हणजे मालक गेल्यावर खुंटीवर राहिलेली बंदूक बिनपरवाना झाली. आणि ती ज्या घरात आहे त्या घरातल्या माणसांवर बिनपरवाना शस्त्र बाळगल्याचा ठपका येऊ शकतो. हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. "मला ठाऊक नव्हतं, मी तिला कधी हातही लावला नाही," हे सांगत बसायची पाळी येऊ नये.

कायद्याच्या २१ व्या कलमात वाट दिली आहे. परवाना संपला, रद्द झाला, किंवा कोणत्याही कारणाने बंदूक बाळगणं बेकायदा झालं, तर उगाच वेळ न घालवता ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची. सोबत मूळ परवाना आणि मृत्यूचा दाखला न्यावा. जमा केल्याची पावती घ्यायची आणि ती जपून ठेवायची. स्वतः बंदूक खांद्यावर टाकून एसटीने निघू नका. आधी पोलीस ठाण्यात कळवा, पोलीस पाटलांना बरोबर घ्या.

जमा केली म्हणजे बंदूक गेली असं नाही. ठरलेल्या मुदतीत वारसाने परवाना मिळवला तर ती परत घेता येते, किंवा परवाना असलेल्या दुसऱ्या माणसाला देता येते. वारसाचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, आणि शहरात पोलीस आयुक्तालय असेल तर तिथे करायचा. पोलिसांची चौकशी होते. इतर वारसांची ना-हरकत लागते.

पण या ताईचा मुलगा १८ चा आहे. त्याच्या नावावर आज परवाना होणार नाही. २१ पूर्ण झाल्यावर तो अर्ज करू शकेल. तोवर बंदूक जमाच राहू द्यावी, किंवा घरातल्या दुसऱ्या प्रौढ वारसाने अर्ज करावा. आणि हो, विधवा पत्नीही वारस आहे. २१ पूर्ण झालेली मुलगीही वारस आहे. शेती तुम्ही करत असाल, तर तुम्हीही अर्ज करू शकता. कोणी ना-हरकतीच्या नावाखाली कोऱ्या कागदावर सही मागितली तर देऊ नका. कागदावर काय लिहिलं आहे ते वाचून किंवा वाचून घेऊनच सही करा.

परवानाधारक हयात असेल, तरी परवाना काढून एकदा बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ५ वर्षांची झाली आहे. मुदत संपली आहे का? परवान्यावर यूआयएन क्रमांक आहे का? नसेल तर आजच चौकशी करा.

माळ्यावर राखणीला गेलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती वडील बंदूक देतात, हेही आम्ही ऐकतो. "शिकतोय की तो!" असं म्हणतात. पण प्रशिक्षण म्हणजे देखरेखीखालचा सराव. रात्री एकट्याने राखण करणं हे प्रशिक्षण नव्हे. अशी बंदूक दिली तर मुलगा अडचणीत येतो आणि बापाचा परवानाही जाऊ शकतो.

आणखी एक गैरसमज. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. पिकात डुक्कर शिरलं तरी ते मारायला वनखात्याची परवानगी लागते. नुकसान झालं असेल तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा.

रिकामी म्हणून कुठलीच बंदूक नसते

ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू घालतात, मग छरे, वर चिंधी, आणि गजाने ठासतात. घोड्याखाली केप लावली की बार तयार. एकदा ठासली की ती सहज रिकामी करता येत नाही. आणि बाहेरून बघून ती भरलेली आहे की रिकामी, हे कळत नाही. आठ दिवसांपूर्वी ठासून ठेवलेली बंदूक मूल खेळायला घेतं आणि मग घराचं होत्याचं नव्हतं होतं.

म्हणून बंदूक घरात आणताना ती भरलेली नसावी. खुंटीवर, दाराआड, कणगीमागे ठेवू नये. कुलपात ठेवावी. दारू, केप, काडतुसं वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात. परवाना घेताना शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र द्यावं लागतं, तेव्हा ही काही आमची सूचना नव्हे, परवानाधारकाने दिलेला शब्द आहे. किल्ली कुठे आहे हे मुलांना माहीत नसावं.

हे फक्त लहानग्यांसाठी नाही. दहावी-बारावीचा निकाल, घरातलं भांडण, मोडलेलं लग्न, अशा वेळी जाणत्या मुलाचंही डोकं ठिकाणावर नसतं. ती घटका निघून जाते. पण त्या घटकेला हाताशी बंदूक असेल तर परत फिरता येत नाही. आपण आया आहोत, मुलाचा चेहरा आपण वाचतो. घरात ताण असेल तर बंदूक काही दिवस घराबाहेर ठेवण्याबद्दल पोलीस ठाण्यात विचारा. यात कमीपणा काही नाही.

वरातीत, पूजेत, निवडणूक जिंकल्यावर हवेत बार काढायची हौसही आता महाग पडते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार, दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा बार आनंदाच्या भरात काढला, तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

छऱ्याची बंदूक खेळणं नाही

आता आजींचा प्रश्न. हवेची बंदूक ४.५ मिलिमीटरपर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीची असेल, तर तिला परवाना लागत नाही. त्याहून मोठी किंवा जोरकस असेल तर लागतो. जत्रेतली किंवा दुकानातली साधी छऱ्याची बंदूक बहुतेक वेळा बिनपरवान्याच्या वर्गात येते. इथेच लोकांचा घोटाळा होतो. परवाना लागत नाही, म्हणजे कसलाच नियम नाही, असं त्यांना वाटतं.

छरा डोळ्याला लागला तर डोळा जातो. जवळून लागला तर अंगात रुततो. आणि पाखरं मारणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती बंदुकीने मारा, नाहीतर गलोलीने. मूल अठराच्या आतलं असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं आणि आईबापांना खेटे घालावे लागतात. अरुणाचल प्रदेशात पाखरं नाहीशी होऊ लागली, तेव्हा २०२१ मध्ये शासनाने लोकांना एअरगन आपणहून जमा करायचं आवाहन केलं. गावकऱ्यांनी हजारांनी बंदुका आणून दिल्या. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्यांचे शिकारी. त्यांना जमलं, तर आपल्याला का जमू नये?

आजींना आम्ही एवढंच सुचवतो. नातवाला नेमाची आवड असेल तर त्याला ओरडून उपयोग नाही. बंदूक कपाटात ठेवा, आणि पोराला बारा पूर्ण झाली असतील तर जिथे शिकवतात तिथे पाठवा. तिथे पहिला धडाच असा असतो की, बंदूक भरलेली असो वा रिकामी, तिची नळी माणसाकडे कधीच वळवायची नाही. चाप ओढायची वेळ होईपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही. ज्यावर नेम धरायचा, त्याच्या मागे काय आहे ते आधी बघायचं.

पुढच्या बैठकीत एवढं करा

गटाच्या पुढच्या बैठकीत हे पाच प्रश्न एकमेकींना विचारा :

१. आपल्या घरात बंदूक आहे का? परवाना कोणाच्या नावावर आहे, आणि तो माणूस हयात आहे का?
२. परवान्याची मुदत कधी संपते?
३. बंदूक आणि दारू-काडतुसं वेगवेगळ्या कुलपांत आहेत का? किल्ली कोणाकडे?
४. घरातल्या २१ च्या आतल्या मुलाच्या हाती ती कधी जाते का?
५. आपल्या मुलीला किंवा मुलाला नेमबाजी शिकायची आहे का? मग आपण कोणाकडे चौकशी केली?

पहिल्या चार प्रश्नांत कुठे अडलात, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे मोफत कायदेशीर सल्ला मिळतो. पाचव्या प्रश्नाला "हो" असं उत्तर आलं, तर लेकीला घेऊन क्रीडा कार्यालयात जा. घाबरू नका. बाराव्या वर्षापासूनचा तो दरवाजा कायद्यानेच उघडा ठेवला आहे.

जाता जाता सांगतो. ज्या ताईच्या माजघरात बंदूक होती, तिने दुसऱ्याच आठवड्यात पोलीस पाटलांना बरोबर घेऊन ती जमा केली. पावती तिने रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे. आम्ही विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, "खुंटी मोकळी झाली, आता तिथे दिनदर्शिका लावलीय. रात्री पोरगा उशिरा आला, की आता काळजी फक्त त्याचीच असते."

पुन्हा भेटू, नव्या विषयासह. नमस्कार!